मुलाचा ताबा : मालकी की विश्वस्तपण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. भाववाढ, शेतमालाचा बाजार, अर्थसंकल्प यांवर बोलण्याची मला सवय आहे आणि माझ्याकडून तेच ऐकण्याची आपल्यालाही आहे. विभक्त झालेल्या आईबापांच्या मुलांची व्यवस्था न्यायालय कशी लावते, हा विषय वकिलांचा अथवा मानसशास्त्रज्ञांचा. त्यात अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाचे काय काम, असे कोणी विचारले तर ते वावगे ठरणार नाही. परंतु हा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. त्याचे एक कारण घरगुती आहे, ते ओघाने येईल. दुसरे कारण असे की, ज्या प्रश्नात मालकी, श्रम, वेळ आणि खर्च यांची वाटणी होते, तो प्रश्न अर्थकारणाचाच असतो. मग तो न्यायालयात कोणत्याही दाराने शिरो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. या विषयातला आधारभूत कायदा अजूनही इंग्रजी अमदानीतला, १८९० चा, पालक व पाल्य अधिनियम हाच आहे आणि तो सर्व धर्मीयांना लागू आहे. पालक नेमताना बालकाचे कल्याण पाहावे, आणि बालक समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येईल, असे त्याचे १७ वे कलम सांगते. हे कलम चांगले आहे. परंतु त्याच कायद्यातील १९ व्या कलमान्वये बाप हयात असून नालायक नसेल तर न्यायालयाला अन्य कोणास पालक नेमता येत नसे. त्या कलमात बापाच्या शेजारी आई हा शब्द पडण्यास २०१० साल उजाडावे लागले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि 'त्यानंतर' आई असा क्रम लावला. मात्र पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहील असेही म्हटले. म्हणजे पालकत्व बापाचे आणि पालन आईचे. मालक एक आणि राबणारा दुसरा, ही रचना आपल्याला अपरिचित नाही. फक्त ती गिरणीत दिसली की आपण ओळखतो. स्वयंपाकघरात दिसली की आपल्याला ती दिसत नाही.

या 'त्यानंतर' शब्दाचा एक इतिहास आहे. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतःची सही केली. पतीची त्याला पूर्ण संमती होती. तरी बँकेने अर्ज परत केला. बाप असताना आईची सही चालणार नाही, असे तिचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, 'त्यानंतर' याचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा घ्यावयाचा नाही. बाप कोणत्याही कारणाने पालकत्व निभावत नसेल तर त्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते. निर्णय पुरोगामी होता, यात शंका नाही. परंतु अर्थ बदलला आणि अक्षर तसेच राहिले. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये सादर केलेल्या आपल्या २५७ व्या अहवालात आईबाप दोघांनाही समान नैसर्गिक पालक माना, अशी शिफारस केली. ती कागदावरच आहे.

न्यायालयांची भाषा मात्र कायद्याच्या अक्षरापेक्षा पुष्कळ पुढे गेली आहे. मुले ही आईबापांची चीजवस्तू नाहीत, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात मांडला. ताब्याचा आदेश कधीच अखेरचा नसतो, परिस्थिती पालटली की तो पालटता येतो, हे २०१० च्या एका निर्णयात सांगितले. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात न्यायालयाने म्हटले की, ज्याच्याजवळ मूल राहत नाही त्यालाही त्याची भेट मिळाली पाहिजे, आणि आईबाप दूर अंतरावर राहत असतील तर दूरध्वनीवरून, शक्यतो एकमेकांचा चेहरा दिसेल अशा रीतीने, संपर्क ठेवता आला पाहिजे. कारण दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे. हक्क मुलाचा आहे, हे शब्द आपण नीट लक्षात ठेवू. या व्याख्यानाचा सारा मुद्दा त्यात आहे.

आता या उदात्त तत्त्वाचे व्यवहारात काय होते ते पाहू. १९८४ मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये ही न्यायालये सुरू झाली आणि पुढे अन्य शहरांत गेली. भांडण मिटविण्याचा प्रयत्न आधी करावा, समुपदेशकाचे साहाय्य घ्यावे, वकिलांचे प्रस्थ कमी असावे, असा या कायद्याचा हेतू आहे. या न्यायालयांतून पुष्कळदा जो अंतरिम आदेश मिळतो त्याचा नमुना असा : महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन, न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत भेट. हिशेब करू. भेटी वर्षाला २४, तास ९६. म्हणजे बरोबर चार दिवस. मूल सहा वर्षांचे असताना असा आदेश झाला आणि तो कोणी बदलून घेतला नाही, तर अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या १२ वर्षांत त्या मुलाच्या वाट्याला आपल्या बापाचे, किंवा आईचे, ४८ दिवस येतात. पुढे अनेक प्रकरणांत सुट्टीचा निम्मा काळ, मुक्कामाची भेट, अशी वाढ होते हे खरे. पण ज्यांना पुन्हापुन्हा न्यायालयात जाता येते त्यांचीच ती होते.

या चार तासांच्या खोलीत मी दीड वर्ष बसलो आहे. हेच ते घरगुती कारण.

माझा मुलगा आणि सून यांचे पटले नाही. दोघेही शिकलेले, दोघेही मिळवते. दोष कोणाचा याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. नातू तेव्हा सहा वर्षांचा होता आणि तो आईबरोबर तिच्या माहेरी गेला. आमच्या घरात त्या वेळी जे बोलले गेले ते आज आठवले की मान खाली जाते. 'आमचा नातू', 'आमच्या घराण्याचे नाव', 'तो त्यांच्याकडे कसा वाढणार?' ही वाक्ये दुसऱ्या कोणाची नव्हती, माझी होती. चाळीस वर्षे मी वर्गात आणि व्यासपीठावर खाजगी मालकीची चिकित्सा केली, आणि वेळ आली तेव्हा एका सहा वर्षांच्या मुलावर सातबारा दाखवावा तसा हक्क सांगू लागलो.

पहिल्या काही भेटींना मी मुलाबरोबर जात असे. खिशात शेंगदाण्याची चिक्की असे. नातू येऊन मांडीवर बसला की मी सहज विचारावे तसे विचारी : तिकडे जेवायला काय असते? आई केव्हा घरी येते? अभ्यास कोण घेते? एके दिवशी तेथील समुपदेशक बाईंनी मला बाजूला बोलावले. वयाने त्या माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही त्याला भेटायला येता, की त्याची साक्ष घ्यायला?" मला राग आला. परंतु त्याच दिवशी निघताना नातवाने मला विचारले, "आजोबा, इथे मजा आली असं मी आईला सांगितलं तर चालेल का?" साथींनो, सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा आनंद कोणासमोर उघड करावा याची परवानगी मागावी लागत होती. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आदेशात नव्हते. ते देण्याची जबाबदारी माझी होती, आणि मी तोवर उलट दिशेने काम करत होतो. मी म्हणालो, "जरूर सांग. आणि आईबरोबर मजा आली की ते मलाही सांग."

त्यानंतर मी माझ्या नातवाबरोबर त्या खोलीतील इतरांकडेही पाहू लागलो. दूरच्या तालुक्यातून एक बाई यायची. तिचा मुलगा सासरी राहिला होता. पहाटे निघून दोन एस.टी. बदलून ती यायची, आणि गाडी चुकली की एक वाजता पोहोचायची. चार तासांतले दोन संपलेले असत. तीन वाजता घड्याळ तिच्यासाठी थांबत नसे. एक रिक्षाचालक बाप होता. शनिवार हा त्याच्या धंद्याचा चांगला दिवस. तो बुडवून तो यायचा, आणि दुसरीकडे पोटगीची रक्कम थकली म्हणून बोलणी खायचा. आम्ही मात्र निवृत्तिवेतनाच्या आधारावर, वेळेवर, चिक्की घेऊन हजर. एकच आदेश, एकच खोली, एकच वेळ. पण तो आदेश पाळण्याची किंमत प्रत्येकाला निराळी पडत होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही किंमत मांडलीच पाहिजे. आकडे मी केवळ उदाहरणादाखल धरतो. समजा, बाई रोजंदारीवर आहे आणि तिची मजुरी दिवसाला ५०० रुपये आहे. भेटीच्या दिवशी ती बुडते. प्रवास व दोघांचे खाणे मिळून ३०० रुपये धरा. एका भेटीस ८०० रुपये, आणि वर्षाच्या २४ भेटींस १९,२०० रुपये. महिन्यात २५ दिवस काम मिळाले तर तिची महिन्याची कमाई १२,५०० रुपये. म्हणजे वर्षाकाठी चार दिवस आपल्या मुलाजवळ बसण्यासाठी तिला दीड महिन्याची कमाई मोजावी लागते. यात तारखांच्या दिवशी बुडालेली मजुरी धरलेली नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा विचार करा : दिवाळीच्या सुमारास निघून मार्च-एप्रिलपर्यंत ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असते. पहिला आणि तिसरा शनिवार तिने कोठून आणावा? ती दोनतीन भेटींना आली नाही की आईला मुलाची ओढ नाही, असे म्हणायला समोरचा वकील मोकळा. दारिद्र्याची नोंद अशा रीतीने मायेच्या अभावाखाली होते.

आणि ही गोष्ट ज्यांच्या हाती निदान आदेश आहे त्यांची. २०११ च्या जनगणनेत देशातील विभक्त म्हणून नोंदलेल्यांची संख्या घटस्फोटितांच्या अडीच पटींहून अधिक होती. यांतील किती जण न्यायालयाची पायरी चढले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. १९८० च्या दशकात महाराष्ट्रातील परिवर्तनवादी चळवळीने परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न ऐरणीवर आणला, हे आपल्याला अभिमानास्पद आहे. परंतु त्या स्त्रियांच्या कडेवर जे मूल होते त्याचा स्वतंत्र विचार आपणही पुरेसा केला नाही. आपल्या ठरावांत ते आईच्या पोटगीच्या अर्जातील एक ओळ म्हणूनच राहिले.

पोटगीचा विषय निघाला आहे तर त्यातील एक घातक विनिमय सांगतो. "पैसे देत नाही, तर भेट नाही" असे एक पक्ष म्हणतो. "भेट नाही, तर पैसे नाहीत" असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष मुलाच्याच दोन हक्कांचा एकमेकांशी सौदा करीत असतात, आणि नफातोटा काहीही होवो, भरपाई मूल करते. मुलाचे पोषण हे आईबापांचे कर्तव्य आहे, भेट ही मुलाची गरज आहे. एकीच्या थकबाकीपोटी दुसरी अडवून धरता कामा नये. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम आपल्याला ठाऊक आहे. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ वे झाले. त्याखाली पोटगी थकविणाऱ्यास तुरुंगात धाडता येते. परंतु बाप तुरुंगात गेल्याने मुलाच्या ताटात काही पडत नाही. स्वीडनने १९३७ पासूनच निराळा मार्ग धरला : शासनाने मुलाला आधी रक्कम द्यावी आणि मागाहून ती जबाबदार पालकाकडून वसूल करावी. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये अशी वसुली करखात्याकडे सोपविली. आपल्याकडे शेतसाऱ्याची आणि वीजबिलाची वसुली शासनाला साधते. मग मुलाच्या दुधाच्या पैशाची वसुली तेवढी त्याच्या आईने दारोदार फिरून करावी, हा कोठला न्याय?

येथे एक आक्षेप मी ऐकतो, आणि तो स्त्रियांच्या चळवळीतील साथींचा आहे म्हणून गंभीर आहे. संयुक्त पालकत्वाच्या गोड नावाखाली मारझोड करणारा नवरा पुन्हा दाराशी येईल, भेटीच्या निमित्ताने बाईला धमकावील, आणि निम्मा वेळ आपल्याकडे दाखवून पोटगी कमी करून घेईल. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या २१ व्या कलमाने मुलाचा तात्पुरता ताबा अर्जदार स्त्रीकडे देण्याची, आणि भेट मुलाच्या हिताला घातक ठरेल असे दिसल्यास ती नाकारण्याची सोय केली आहे. जेथे हिंसा आहे तेथे समान वाटणीची भाषा बोलणे हा अन्याय होईल. पण जेथे हिंसा नाही, केवळ मने दुभंगली आहेत, तेथे मुलाला एका पालकापासून तोडणे हाही अन्यायच होय; आणि तो करणारा पक्ष बाईचा आहे की बुवाचा, यावरून आपण आपले मत ठरवू नये. वेळेचे दोन समान तुकडे केले की समता येते, असेही मी मानीत नाही. ज्याने मुलाचे ताप, गृहपाठ आणि दाढदुखी वर्षानुवर्षे सांभाळली त्याच्या श्रमाची नोंद आधी झाली पाहिजे. ते श्रम बहुधा आईचे असतात.

मग आईबापांचे मुलाशी नाते कोणत्या कल्पनेने समजून घ्यावे? मला गांधीजींची विश्वस्ताची कल्पना आठवते. आम्ही समाजवाद्यांनी तिच्यावर पुष्कळ टीका केली. गिरणीमालक आपण होऊन कामगारांचा विश्वस्त होईल, यावर आमचा विश्वास नव्हता. माझा आजही नाही. परंतु मुलाच्या बाबतीत मला दुसरी कोणतीही कल्पना लागू पडताना दिसत नाही. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, तिच्यातून स्वतःचा लाभ काढता येत नाही, आणि हिशेब मात्र द्यावा लागतो. मुदत संपली की त्याने बाजूला व्हायचे असते. अठरा वर्षांची ही मुदत आहे. आईबाप विभक्त झाले म्हणजे एका विश्वस्ताने दुसऱ्याला काढून टाकले असे होत नाही. दोघांनी दोन घरांतून एकच ठेव सांभाळायची असते. आणि विश्वस्त दरिद्री असेल तर त्याला ते सांभाळता येईल अशी व्यवस्था करणे हे समाजाचे काम आहे. नैतिक उपदेशाने ते होत नाही, हे सांगायला मी समाजवादी आहे.

यास्तव पक्षाने काही मागण्या स्पष्टपणे हाती घ्याव्यात, असे मी सुचवितो. १९५६ च्या कायद्यातील 'त्यानंतर' हा शब्द जावा आणि आईबाप समान पालक ठरावेत. मुलाच्या पोटगीची रक्कम शासनाने आगाऊ द्यावी व वसूल करावी. भेटीची जागा जिल्ह्याच्या न्यायालयापुरती न राहता तालुक्याला, शाळेत वा अंगणवाडीत, जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली असावी. भेटीच्या आदेशात प्रवासाचा खर्च कोणी सोसायचा आणि हंगामी स्थलांतराच्या काळात काय करायचे, हे लिहिलेले असावे. समुपदेशकांच्या पुरेशा जागा निर्माण कराव्यात आणि त्या भराव्यात.

परंतु कायदा बदलेपर्यंत आपल्याला बरेच करता येण्याजोगे आहे. आपल्याकडे रोज नवराबायकोची भांडणे येतात. त्या वेळी मुलाला समोर बसवून 'तुला कोणाकडे राहायचे?' असे विचारण्याची आपली पद्धत बंद करा. तो प्रश्न मुलाला शिक्षेसारखा असतो. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया व बालके यांना, उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याची विधि सेवा समिती कोठे बसते हे प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहून ठेवा. आणि दोन्ही पक्ष बोलायला तयार असतील तर त्यांच्याकडून एक साधा कागद लिहून घ्या : शाळेचा खर्च कोणाचा, आजारपणात कोण कोणाला कळविणार, गणपती कोणाकडे आणि दिवाळी कोणाकडे, मुलासमोर दुसऱ्याची निंदा करायची नाही. असा कागद दोघांच्या संमतीने न्यायालयापुढे ठेवता येतो.

आमच्या घरी तेच झाले. त्या समुपदेशक बाईंनी चार बैठका घेऊन माझ्या मुलाकडून आणि सुनेकडून दोन पानांची योजना लिहून घेतली. त्यात कोणी जिंकले नाही. नातू आईजवळ राहतो, आता अकरा वर्षांचा आहे, आणि एक आठवडा सोडून एक शनिवार-रविवार आमच्याकडे असतो. गेल्या वर्षी तो आमच्याकडे असताना तापला, तेव्हा माझ्या पत्नीने आधी सूनबाईंना फोन केला. त्या आल्या, रात्रभर उशाशी बसल्या, सकाळी चहा घेऊन कामावर गेल्या. हे आम्हाला जमले, कारण आमच्याकडे दोन घरे होती, नोकऱ्या होत्या आणि निवृत्तिवेतन होते. ती दूरच्या तालुक्यातून येणारी बाई पुढे खोलीत दिसेनाशी झाली. तिचा मुलगा तिच्याविना वाढत असेल आणि आईने आपल्याला टाकले असे समजत असेल. तिने त्याला टाकले नव्हते; तिला दोन एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी परवडत नव्हती. त्या मुलाला हे कधीतरी कोणीतरी सांगितले पाहिजे, आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या मुलावर ते ऐकण्याची पाळी येऊ नये यासाठी आपण कामाला लागले पाहिजे.